सुट्टी संपली, आता घर चालवा

फोन उलटा ठेव आणि ऐक. पोरी, तूही बस. हे तुझ्याही घराबद्दल आहे, आणि त्यातलं निम्मंसुद्धा तुला आजवर कुणी सांगितलेलं दिसत नाही. चहा नंतर.

डॅलसचा फ्लॅट सोडलात, सामान विकलंत, जुना तीस फुटी ट्रेलर घेतलात, पिकअपला जोडलात आणि ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात येऊन राहिलात. यात मला काही वावगं वाटत नाही. मी आणि यजमान असेच राहतो, आणि हे राहणं मला मनापासून आवडतं. म्हणूनच आज बोलते आहे. तुम्ही घर बदललंत, पण वागताय मात्र सुट्टीवर आल्यासारखे. फ्लॅटमध्ये नळ सोडला की पाणी यायचं, साखळी ओढली की मैला जायचा, बटण दाबलं की दिवा लागायचा. मागे नगरपालिका राबत होती, ती दिसत नव्हती इतकंच. चाकांवरच्या घरात नगरपालिका तूच. पाणीपुरवठा, मैलासफाई, वीज, अग्निशमन, सगळी खाती तुझी, आणि आल्यापासून तू एकाही खात्याचं काम धड केलेलं नाहीस.

आधी जिवाचं बोलू.

तुमच्या पलंगाच्या पायथ्याशी भिंतीवर गॅसचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असतो. तो मी पाहिला. म्हणजे त्याची जागा पाहिली. अलार्म ड्रॉवरमध्ये, आणि भिंतीतून बाहेर आलेल्या दोन तारांची टोकं काळ्या टेपने गुंडाळलेली. मी विचारलं तर तू हसून म्हणालास, "बाई, रात्रभर कोकलत होता." अरे, तो कोकलतो म्हणून तर त्याला भिंतीवर लावतात!

आता ही वेळ कशी आली ते बघ. तुमच्याकडे १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-तासांच्या दोन साध्या ॲसिड बॅटऱ्या आहेत. गुणाकार कर: २४०० वॅट-तास. या बॅटऱ्या निम्म्याच्या खाली नेल्या की लवकर मरतात, म्हणजे वापरायला हातात उरले १२००. जानेवारीतल्या वाळवंटात रात्र गारठते, म्हणून तू इन्व्हर्टरवर १५०० वॅटचा हीटर लावलास. तास भरायच्या आत बॅटरी आडवी. ट्रेलरची गॅसभट्टी होती, तिचा धूर बाहेर जातो, ती सुरक्षित. पण तिचा पंखा त्याच बॅटरीवर चालतो. बॅटरी गेली म्हणून भट्टी बंद. भट्टी बंद म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटवून ठेवलीस, तीही खिडक्या घट्ट लावून. शेगडीने अलार्म वाजला, म्हणून दुसऱ्या दिवशी अलार्मची तारच काढलीस. चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर तू आधीच्या चुकीचं कारण शोधलं नाहीस, फक्त तिचा आवाज बंद केलास.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो माणसाला जागं करत नाही, झोपेतच नेतो. शेगडी अन्न शिजवायला असते, खोली गरम करायला नाही. स्वयंपाक करतानाही छताची झडप आणि एक खिडकी उघडी हवी, फोडणीचा वास जावा म्हणून नव्हे, हवा यावी म्हणून. शेजारचा जनरेटर खिडकीखाली चालत असेल तर उठून त्याला हलवायला सांगायचं. भीड बाळगायची नाही. आणि अलार्मलाही वय असतं. मागे तारीख छापलेली असते. ती उलटून गेली असेल तर नवा आणायचा. आज संध्याकाळच्या आत.

आता वजन. तुला सातवीत तरफ मी शिकवली होती. टेकू, भार, बल. फळ्यावर येऊन आकृती काढली होतीस, उत्तर बरोबर होतं. मग आता काय झालं?

ट्रेलरच्या दारापाशी एक पिवळं लेबल असतं. त्यावर लिहिलंय की या ट्रेलरमध्ये सामान किती भरता येईल. तुमच्या लेबलवर आकडा आहे १४०० पौंड, म्हणजे साधारण ६३५ किलो. वाचायला बरं वाटतं. पण पिण्याच्या पाण्याची टाकी ६० गॅलनची. म्हणजे २२७ लिटर, आणि लिटरला किलो. प्रवासाला निघताना तू ती काठोकाठ भरतोस. राहिले ४०० किलोच्या आसपास. त्यात कपडे, भांडी, कुकर, मिक्सर, कणकेची आणि तांदळाची पोती, हत्यारांची पेटी, दोन मॉनिटर, जाड गाद्या, ती पुस्तकांची खोकी. यातल्या एका तरी वस्तूचं वजन केलंस? "मावतंय" म्हणजे "पेलतंय" असं होत नाही. कपाटाला ॲक्सलची मर्यादा ठाऊक नसते.

आणि मागच्या बंपरवर दोन ई-सायकली टांगल्यास. ट्रेलरची चाकं हा टेकू. मागच्या टोकाला भार टांगला की पुढचं टोक उचललं जाणार. पुढचं टोक म्हणजे पिकअपच्या हुकावर बसलेला दांडा, आणि त्या दांड्यावर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार असायलाच हवा. तो कमी झाला की ट्रेलर डोलायला लागतो. शेजारून मोठा ट्रक वेगाने गेला, त्याच्या हवेचा एक धक्का बसला, की मागचं धूड डावी-उजवीकडे झोके घेतं आणि शेवटी पिकअपलाही ओढून नेतं. परवा तू म्हणालास, "आय-टेन हायवेवर जरा हललं, पण मी सावरलं." ते तुझं कौशल्य नव्हतं. त्या दिवशी तू वाचलास.

"पिकअप इतके हजार पौंड ओढतो असं जाहिरातीत आहे," हे मला सांगू नकोस. ओढणं वेगळं, पाठीवर घेणं वेगळं. पिकअपच्या दाराच्या चौकटीवर पेलोडचा आकडा असतो. दांड्याचा भार, तुम्ही दोघं, मागच्या सीटवरचं सामान, सगळं त्यातून वजा होतं, आणि बहुतेकांचा पेलोड ओढण्याच्या ताकदीच्या कितीतरी आधी संपतो. ट्रक स्टॉपवर वजनकाटा असतो, कॅट स्केल म्हणतात. ट्रकवाले रोज वापरतात. त्यावर गाडी उभी करायची, प्रत्येक ॲक्सलगटाचं वेगळं वजन छापलेला कागद मिळतो. त्याला लागणारे पैसे तुमच्या एका वेळच्या बाहेरच्या जेवणाहून कमी आहेत.

टायरचंही तेच. टायरच्या कडेवर डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. तुमच्या एका टायरवर २३१७ आहे: २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी अजून खोल दिसते म्हणून तू खूश आहेस. ट्रेलरचा टायर झिजून मरण्याआधी वयाने मरतो. उन्हात उभा राहून रबर आतून फुटतं आणि एक दिवस हायवेवर चिंधड्या उडतात, त्याबरोबर ट्रेलरच्या तळाचे पाइपही. शिवाय ट्रेलरचे बरेचसे टायर ताशी ६५ मैलांसाठी बनवलेले असतात. टायरवर लिहिलेली मर्यादा बघायची आणि तिच्या आत राहायचं. हायवेची पाटी ७५ म्हणते ती मोटारींसाठी, तुझ्या मागच्या घरासाठी नाही.

आता घाणीचं. नाक मुरडू नकोस.

पोटाखाली सांडपाण्याच्या दोन टाक्या आहेत. अंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची ग्रे, संडासाची ब्लॅक. वाटेत ट्रेलर उभे करायच्या ज्या आरव्ही पार्कात सांडपाण्याची जोडणी मिळाली तिथे तू दोन्ही झडपा उघडून मोकळा झालास, आपोआप जाईल म्हणून. आपोआप फक्त पाणी जातं. घट्ट मैला तळाशी राहतो, वाळतो आणि त्याचा ढीग उभा राहतो. आता तुमचा मीटर टाकी कायम भरलेली दाखवतो, आणि तुला वाटतं मीटर बिघडला. ब्लॅकची झडप बंद ठेवायची. टाकी दोन-तृतीयांश भरू द्यायची. मग डम्प स्टेशनवर एका दमात सोडायची, म्हणजे लोंढ्याबरोबर सगळं वाहून जातं. त्यानंतर ग्रे सोडायची. तिच्या साबणाच्या पाण्याने तोच पाइप धुतला जातो. शेवटी ब्लॅकमध्ये चार-पाच बादल्या स्वच्छ पाणी ओतून ठेवायचं. आणि पाणी वाचवायचं असेल तर अंघोळीत वाचव. संडासात पेलाभर पाण्याने भागवून टाकी तुंबवलीस तर दुरुस्तीवाल्याला मोजताना डोळ्यांतून पाणी येईल.

पण याहून मोठी चूक काल मी डोळ्यांनी पाहिली. डम्प स्टेशनवर तुमची पांढरी नळी, पिण्याचं पाणी भरायची, तिचं तोंड मैल्याच्या झाकणाशेजारी ओल्या सिमेंटवर पडलेलं होतं. त्याच नळीने तू मैल्याचा पाइप विसळलास, तीच गुंडाळलीस आणि खांद्यावर टाकून पाण्याच्या नळाकडे गेलास. तिनेच तुमच्या आमटीचं पाणी भरलंय. कावीळ आणि जुलाब याच वाटेने घरात येतात. ती नळी आज कचऱ्यात जाईल. टाकी ब्लीच घालून धुतली जाईल, आणि ते पाणी पूर्ण काढेपर्यंत पिण्याचं पाणी बाटल्यांमधून. विसळायची नळी वेगळी, वेगळ्या रंगाची, आणि ती वेगळ्या कप्प्यात राहील. मैल्याला हात लावताना हातमोजे. घाण काढण्यात कमीपणा नाही. ती नीट न काढण्यात आहे.

आता कागदांकडे येते, आणि इथे मला तुझा खरा राग आला आहे.

तू एच-१बी व्हिसावर आहेस. तो परवाना कंपनीला बांधलेला असतो, कामाला बांधलेला असतो आणि कामाच्या ठिकाणालाही बांधलेला असतो. तुझ्या कंपनीने कामगार खात्याकडे जो अर्ज भरला त्यात डॅलसचा भाग लिहिलाय. त्या महानगर क्षेत्राबाहेर कामाचं ठिकाण हललं तर कंपनीला आधी सुधारित अर्ज करावा लागतो. २०१५ च्या सिमियो सोल्यूशन्स प्रकरणातल्या निर्णयानंतर याबद्दल शंकेला जागा उरलेली नाही. थोड्या दिवसांच्या कामाला नियमांत सवलत आहे. ती महिनोन्महिने वाळवंटात बसून काम करणाऱ्यासाठी नाही. आणि तू कंपनीला सांगितलेलंच नाहीस. पाठीमागे फ्लॅटच्या भिंतीचं चित्र लावून मीटिंगला बसतोस. याला हौस म्हणत नाहीत, लपवाछपवी म्हणतात.

पत्ता बदलल्यावर १० दिवसांत एआर-११ हा फॉर्म भरून कळवायचं असतं, हे इथल्या जवळपास प्रत्येक परदेशी रहिवाशाला लागू आहे. भरलास? नाही. कुणीतरी सांगितलं की साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडाचा टपालपत्ता घेतला की झालं, तिथे राज्याचा आयकरही नाही. टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा चांगल्याच आहेत. टेक्सासात लिव्हिंग्स्टनला एस्केपीज क्लबच्या केंद्रातून कितीतरी फिरस्त्यांचं टपाल जातं. पण टपाल कुठे येतं आणि तू कुठे राहून काम करतोस, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सरकार दुसरा प्रश्न विचारतं. तुझ्या एका कागदावर हिचा जोडीदाराचा एच-४ परवाना टांगलेला आहे, आणि तो कागद जोखमीत घालताना तू हिला विचारलंही नाहीस.

विम्याचंही असंच. एजंटला सांगितलंस, "शनिवार-रविवार वापरतो." अपघात झाल्यावर पहिला प्रश्न हाच येणार की तुम्ही यात राहता का. इंडियानातल्या एल्खार्टच्या परिसरात देशातले बहुतेक ट्रेलर बनतात, आणि बनवणारे स्वतःच त्यांना तात्पुरत्या मुक्कामाची जागा मानतात. कायम राहणाऱ्याला बऱ्याच कंपन्या वॉरंटीही नाकारतात. कायम राहणाऱ्यांसाठी वेगळी पॉलिसी असते, ती महाग असते आणि तीच घ्यायची. खोटं बोलून स्वस्तात घेतलेला विमा म्हणजे दरमहा वाया घालवलेले पैसे.

पोरी, आता तुझ्याकडे वळते. तुला पिकअप चालवता येतो, पण ट्रेलर जोडलेला असताना तू कधी स्टिअरिंगला हात लावला नाहीस. ट्रेलर सोडवता येत नाही. सिलिंडर कुठून बंद होतो ते ठाऊक नाही. "हे करतात ते सगळं," म्हणालीस. उद्या फीनिक्सच्या वाटेवर याच्या छातीत दुखलं तर? मागे तीस फूट घर, पुढे वळण, आणि फोनला रेंज नाही. तू काय करशील? तू स्वयंपाक, धुणं, भांडी सांभाळायचीस आणि याने चाकं आणि हत्यारं, ही वाटणी फ्लॅटमध्येसुद्धा बरी नव्हती. इथे ती जिवावर बेतेल. जोडणं, सोडवणं, मागे घेणं, गॅस बंद करणं, हे दोघांनाही डोळे मिटून यायला हवं. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवायचा. ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात सरकवायचा. आणि शंका आली की उतरून मागे जाऊन बघायचं. उतरून बघण्याची लाज बाळगणाऱ्यांनीच लोकांचे विजेचे खांब पाडलेत.

आणि तू. आईला काय सांगितलंस? "फ्लॅट बदलला." ती सांगलीहून मला फोन करते, बाई, पत्ता पाठवत नाही म्हणते. तिला खरं सांग. ती रागावेल, चार दिवस बोलणार नाही, मग विचारेल की तिथे थंडी आहे का. रोज मुक्कामाला पोचल्यावर तिला जागा कळव. तिच्या समाधानासाठी तर आहेच, पण तू पोचला नाहीस हे कुणाला तरी त्याच रात्री कळलं पाहिजे, म्हणूनही.

मला माहीत आहे हे वेड कुठून आलं. 'नोमॅडलँड' पाहिलात. क्लोई झाओचा, २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालेला. त्यातलं आकाश पाहिलंत, पण बाकीचं पाहिलं नाहीत. तो ज्या पुस्तकावर बेतला आहे, ते जेसिका ब्रुडरचं २०१७ चं पुस्तक २००८ च्या मंदीनंतर घर गमावलेल्या म्हाताऱ्या माणसांचं आहे. गोदामात पेट्या उचलणारी, बीट उपटायला जाणारी, कॅम्पग्राउंडचे संडास धुणारी माणसं. ती या वाळवंटात आजही आहेत. सरकारी जमिनीवर एरवी १४ दिवसांत हलावं लागतं, पण इथे ला पोसाच्या मुक्कामतळावर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल परवान्यावर राहता येतं, म्हणून ती हिवाळा इथे काढतात. तुमच्यापलीकडच्या जुन्या व्हॅनमधल्या आजी पहा. रोज सकाळी टायर तपासतात, छतावर चढून सांध्यांवरचा डिंक बघतात, भांडी पुसून मग विसळतात म्हणजे पाणी कमी लागतं. त्यांना परवडणारं हे शेवटचं घर आहे, म्हणून त्या ते जपतात. तुमच्या पाठीशी पगार आहे, परत जायला फ्लॅट मिळेल, आणि तेवढ्यावर तुम्ही निष्काळजी आहात. आणि रात्री दहानंतर जनरेटर चालवून तुम्ही त्यांची झोप मोडता. इथे दहा ते सहा शांतता पाळायची असते, फलकावर लिहिलंय.

मी एवढं बोलले कारण तुमच्यात हे राहणं जमवण्याची ताकद आहे. आळशी माणसावर मी शब्द खर्च करत नाही. हे राहणं माणसाला शहाणं करतं. पाण्याचा प्रत्येक लिटर, विजेचा प्रत्येक वॅट, सामानाचा प्रत्येक किलो कुठून येतो आणि कुठे जातो, हे त्याला हातांनी कळतं. पण ते शहाणपण वाळवंटात नुसतं बसून येत नाही.

आता लिहून घे. अलार्म आज. नळी आज. सायकली मागून काढायच्या आज, आणि पुस्तकांची खोकी गावातल्या वाचनालयाला. सोमवारी सकाळी कंपनीला फोन करून खरं सांगायचं आणि त्याच दिवशी व्हिसाच्या वकिलाशी बोलायचं. ते हो म्हणाले तरच इथून काम. नाही म्हणाले तर निमूटपणे डॅलसला परत. त्याच महानगर क्षेत्रात आरव्ही पार्क आहेत, तिथल्या पत्त्यावर याच ट्रेलरमध्ये राहा. ट्रेलरमध्ये राहायला तुला कुणी मनाई केलेली नाही. एआर-११ आजच. विम्याच्या एजंटला खरं काय ते कळवायचं. टायर बदलल्याशिवाय गाडी हायवेवर जाणार नाही.

टायर बसले की दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वजनकाट्यावर भेटू. ट्रेलर ही जोडेल, गाडी ही चालवेल. मी हिच्या शेजारी बसेन. तू मागच्या सीटवर बसशील आणि विचारल्याशिवाय एक शब्द बोलणार नाहीस. काट्याचा कागद मला दाखवायचा. आकडे लेबलाच्या आत बसले नाहीत तर तिथेच सामान उतरवू.